लाल पट्ट्यातला माणूस

१

नॉर्वेतल्या हाउगेसुन्डच्या धक्क्यावर एक जुनं गोदाम आहे. पूर्वी तिथे हेरिंग मासा मिठात भरत. भिंतींना तो वास अजून आहे, पावसाळी हवेत जास्तच. त्या गोदामाच्या पोटात आता एक जहाज आहे. खरं नव्हे, सिम्युलेटरमधलं. घुमटासारखा पांढरा पडदा, मधोमध खऱ्या क्रेनच्या केबिनमधून काढून आणलेली खुर्ची. खुर्चीत बसून दिवा मालवला की चहूबाजूंनी उत्तर समुद्र सुरू होतो आणि खुर्ची खऱ्या जहाजासारखी डुलायला लागते.

मी क्रेनवाला. समुद्राच्या तळाशी वायूची पाइपलाइन जिथे संपते, तिथे तिला जोडायला पोलादी सांगाडा बसवावा लागतो. दुमजली घराएवढा. तो जहाजावरून उचलायचा, कठड्यापलीकडे न्यायचा आणि तळाच्या चिखलात अलगद ठेवायचा, तोंड बरोबर पाइपच्या दिशेला. दिशा थोडी जरी चुकली तरी पाइप जुळत नाही. म्हणून आधी इथे, गोदामात, तालीम करायची.

तालमीला आम्ही चौघं. क्रेनवर मी, ओडवार. शेजारच्या खोलीत हाल्वर, पाण्याखालचा रोबो चालवणारा. तिसऱ्या खोलीत स्टाइनार, डेकचा मुकादम, कानात बोलणारा. आणि काचेपलीकडे यूरुन. ती वारा सोडते, लाटा वाढवते, मध्येच एखादं यंत्र बंद पाडते आणि आपण काय करतो ते बघते. शेवटी सही तिचीच.

मला त्या सहीची गरज होती. उन्हाळ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. डॉक्टरांनी पास केलं होतं, पण कंपनीला यूरुनची सही हवी होती. माझ्या जागेसाठी बेर्गनचा एक तरणा माणूस तयार ठेवलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळेच ते मला पक्कं ठाऊक होतं.

तर सकाळची वेळ. पडद्यावर राखाडी समुद्र, खाली डेक, डेकवर सांगाडा. सांगाड्याभोवती जमिनीवर रंगवलेला लाल पट्टा. लोखंड हवेत असताना पट्ट्याच्या आत कुणीही उभं राहायचं नाही. पट्ट्याबाहेर कॉम्प्युटरनं उभे केलेले चार कामगार. नारिंगी कपडे, पांढरी हेल्मेट, आणि तोंडाच्या जागी गुळगुळीत कातडी रंग. बनवणाऱ्यांनी चेहऱ्यांवर वेळ घालवला नव्हता. चौघं एकाच वेळी या पायावरून त्या पायावर होत.

"उचल," स्टाइनार कानात म्हणाला.

मी उचलायला घेतला, आणि हात थांबवला.

"काय झालं?" यूरुननं विचारलं.

"लाल पट्ट्यात माणूस आहे."

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता?"

मी पाहिलं. तो उभाच होता, सांगाडा हवेत फिरू नये म्हणून त्याच्या डाव्या कोपऱ्याला बांधलेली दोरी धरून. मग एक मोठी लाट आली, फवारा काचेवर आला, आणि फवारा ओसरला तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

"गेला," मी म्हणालो.

२

असले डाव ती टाकते. मागे एकदा तिनं हाल्वरच्या रोबोसमोर चक्क एक देवमासा सोडला होता. त्यामुळे मी मनात म्हटलं, बरं झालं, थांबलो. पास.

जेवायला वर गेलो. खिडकीशी हाल्वर बसला होता, पावावर तपकिरी चीजचे काप रचत.

"म्हातारा थांबला म्हणे," तो म्हणाला.

"माणूस दिसला तर थांबायचं नाही?"

"थांबायचं की. मी कुठे काय म्हटलं?" त्यानं पाव तोंडात कोंबला आणि बाहेर बोटींकडे बघत राहिला. हाल्वर एरवी गप्प बसणारा नाही. जेवताना तर नाहीच.

यूरुन कॉफी घेऊन आली. मी म्हटलं, "चांगला टाकला होतास माणूस. जवळजवळ फसलो होतो."

ती बसली नाही. "मी माणूस टाकला नव्हता, ओडवार."

"बरं."

"खरंच नव्हता. तालीम पुन्हा चालवून बघितली. चार माणसं आहेत, चारही पट्ट्याबाहेर."

"मग मी कशाला थांबलो?"

"तेच मला लिहायचंय," ती म्हणाली, आणि मग अगदी मऊ आवाजात, "डोळे कसे आहेत आता?"

त्या मऊ आवाजानं माझ्या डोक्यात घंटा वाजली. असं बोलतात तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो. मी विचार केला तो असा: माणूस मला एकट्यालाच दाखवायचा, नोंदीतून काढून टाकायचा, आणि म्हणायचं, म्हाताऱ्याला भास होतात. बटणाचं काम. मनात आलं आणि लाजही वाटली, कारण यूरुनला मी चांगला ओळखतो. तिचा बाप माझ्याबरोबर बोटीवर होता. पण मनात आलं ते आलंच.

हाल्वर माझ्याकडे बघत नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसलो तो डोळ्यांत थेंब घालून, चष्मा दोनदा पुसून. ठरवलं होतं, आज बारकाईनं बघायचं. बनावट असेल तर शिवण कुठेतरी दिसेलच.

तो होता.

मी उचलण्याआधी नीट पाहून घेतलं. चौघं पट्ट्याबाहेर डुलत होते, एका तालात, बाहुल्यांसारखे. पाचवा पट्ट्याच्या आत, डाव्या कोपऱ्याशी. नारिंगी कपडे तेच. पण जाकिटाचं टोपडं पाठीवर पडलेलं, आणि दोरी डाव्या हातात. बाकी चौघं उजव्या हाताचे होते, एकाच साच्यातले.

शिवण शोधत होतो ती अशी सापडली: तो त्या चौघांसारखा डुलत नव्हता. जहाज कलायचं तेव्हा ते चौघं कलायचे. हा आधीच गुडघा वाकवायचा. लाट जहाजाला लागायच्या आत. बोटीवर वर्षं काढलेला माणूस असं करतो. लाट त्याला पायातून कळते. पण ही लाट यूरुनच्या बटणातून येत होती. ती त्याला आधी कळत होती कशी?

"यूरुन, पट्टा बघ."

"रिकामा आहे."

"नीट बघ."

"ओडवार, पट्टा रिकामा आहे. माझ्या पडद्यावर, स्टाइनारच्या पडद्यावर. पुढे चल."

"स्टाइनार?"

"रिकामा," स्टाइनार म्हणाला. "उचल."

चित्र आहे, मी स्वतःला सांगितलं. पडद्यावरचं चित्र. खाली काँक्रीटची फरशी आहे आणि तिच्यावर माशांचा वास आहे. मी उचललं.

सांगाडा वर आला, आणि तो माणूस दोरी धरून त्याच्याबरोबर चालू लागला, घाई न करता, जनावराला पाण्यावर नेतात तसा. कठड्याशी पोहोचल्यावर त्यानं मान वर केली. माझ्या केबिनकडे. त्याला चेहरा होता की त्या चौघांसारखी कोरी कातडी, हे मी आजही सांगू शकत नाही. तेवढ्यात सांगाडा मध्ये आला, आणि सांगाडा पलीकडे गेला तेव्हा कठड्याशी कुणी नव्हतं.

पुढचं सगळं नीट झालं. तळाशी हाल्वरनं रोबोनं ढकलून तोंड पाइपकडे केलं. दिवा लागला.

"सुंदर," यूरुन म्हणाली. "सही करते."

मी खुर्चीतून उठलो तर पाठ ओली होती.

४

धक्क्यावर हाल्वर मला गाठायलाच थांबला होता. ओठाखाली तंबाखूची पुडी दाबत म्हणाला, "आज थांबला नाहीस."

"थांबू दिलं नाही."

"डावखुरा होता ना?"

"तुला कसं माहीत?"

"माझ्या बाजूच्या छोट्या पडद्यावर डेक दिसतं," तो म्हणाला. "काल पण दिसला. मला वाटलं तुझी परीक्षा चाललीय. बोललो असतो तर तुझी सही गेली असती."

"आणि मला वाटलं, तू पण त्यांच्यात आहेस."

"मी कुणाच्यातच नाही," हाल्वर म्हणाला. "मला तर झोपच लागली नाही."

आम्ही दोघं तसेच परत आत गेलो. यूरुन दिवे बंद करत होती. हाल्वरनं सरळ विषय काढला. "यूरुन, पट्ट्यातला तो माणूस. मी पण पाहिला. ओडवारचे डोळे ठीक आहेत."

"कसला माणूस?"

"डावखुरा."

"असं काही नाही हाल्वर. यंत्रातली माणसं सगळी उजव्या हाताची आहेत. आणि टोपडं कुणाचंच पाठीवर नसतं, तसा नमुनाच नाहीये आमच्याकडे."

टोपड्याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो.

ते तिच्याही लक्षात आलं. ती खाली बसली, हातातल्या किल्ल्या मांडीवर ठेवून.

"मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून काहीतरी घुसवलंय," ती म्हणाली. "मला मूर्ख बनवायला. काल सगळं उघडून बघितलं. पुन्हा चालवलं की तो नसतो. चालू असतानाच असतो."

"मग रिकामा का म्हणालीस?"

"काय म्हणू? कंपनीला काय कळवू? की आम्ही तिघं एका चित्राला घाबरलोय, काम पुढे ढकला?" तिचा आवाज आता मऊ नव्हता आणि त्यामुळे मला तो पहिल्यांदाच खरा वाटला. "तुम्ही चांगलं काम केलंत. मी सही चांगल्या कामावर केली."

आम्ही तिघंही उठलो. कुणीही पांढऱ्या पडद्याकडे वळून पाहिलं नाही.

५

जहाज सुटलं त्या सकाळी ऊन होतं. मी सामान केबिनमध्ये टाकून खाली जेवणघरात आलो. स्टाइनार त्याच्या डेकवाल्यांना कामं वाटत होता. तीन चेहरे ओळखीचे. चौथा नवा, चाळिशीचा, वाऱ्यानं रापलेला, जाकिटाचं टोपडं पाठीवर.

"हा आमुंड," स्टाइनार म्हणाला. "आमच्या एकानं मनगट मोडून घेतलं, म्हणून शेवटच्या क्षणी मिळाला. आयुष्य मासेमारीवर काढलंय. दोरीला हात लावला की कळतं."

आमुंडनं डावा हात पुढे केला, मग हसून उजवा केला. "सवय जात नाही," तो म्हणाला.

जहाज बंदराबाहेर पडून पहिली लाट घेत होतं. ती लागायच्या आत त्याचा गुडघा वाकला.

हाल्वर कोपऱ्यात रश्शात पाव बुडवत होता. त्यानं पाव बशीत ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

मी जाताना दोन दिवस आमुंडवर नजर ठेवली. मला त्याच्यात काहीतरी खोटं सापडायला हवं होतं. सापडलं नाही. तो मुलींचे फोटो दाखवायचा, पत्त्यांत उघडपणे लबाडी करायचा, स्वयंपाक्याला विणकामाचे टाके शिकवायचा. माणूस होता, साधा, गोड माणूस. मला यापूर्वी कधी भेटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर चिन्ह नव्हतं. एकदा त्यानंच विचारलं, "माझं काही चुकतंय का रे? तू सारखा बघतोस."

"नाही," मी म्हणालो. "तू कुणासारखा तरी दिसतोस."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला.

कामाच्या दिवशी सकाळी मी स्टाइनारला बाजूला घेतलं.

"आमुंडला आज डेकवर ठेवू नकोस."

"का?"

"कारण देता येणार नाही."

"ओडवार, मला कारण लागतं. डाव्या कोपऱ्याची दोरी त्याच्याकडे आहे."

"ती दोरी सांगाड्यालाच बांधून टाक. तिघांनी भागेल. समुद्र शांत आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गोदामात यूरुनकडे पाहिलं होतं. "त्याचं तुझं काही वाजलंय का?"

"नाही. पण थांबा म्हणायचा हक्क मला आहे. तो डेकवर असला तर मी उचलणार नाही."

स्टाइनारनं हातमोजे चढवले. "बरं," तो म्हणाला. "बंदरात गेल्यावर तुला याचं उत्तर द्यावं लागेल."

आमुंडला जेवणघरात बसवलं. तो दुखावला होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

६

खऱ्या केबिनमध्ये बसलो. खाली खरं डेक, खरा लाल पट्टा. तीन माणसं पट्ट्याबाहेर, तिघांनाही चेहरे. डाव्या कोपऱ्याची दोरी गुंडाळून सांगाड्याला पक्की बांधलेली. स्टाइनारनं स्वतः गाठ मारली होती, मी वरून बघितलं होतं. पट्ट्यात कुणी नव्हतं. मी दोनदा पाहिलं, मग डोळे मिटून उघडून पुन्हा पाहिलं.

"उचल," स्टाइनार म्हणाला.

उचललं. सांगाडा हवेत आला, वळला, कठडा ओलांडला. पाण्याला टेकला, पाण्यानं त्याला दोनतीन धपके दिले, मग आत घेतलं. इतकं स्वच्छ काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. तार सुटत राहिली. तळ खोल होता, वेळ लागणार होता. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

केबिनचं दार वाजलं. आमुंड, हातात कॉफीचा थर्मास.

"आता तरी येऊ का वर? सांगाडा गेला पाण्यात."

"ये."

त्यानं कप भरला, माझ्यासमोर ठेवला आणि काचेला टेकून खाली बघत राहिला.

"राग आला होता," तो म्हणाला. "आता नाही. तुला मी नको होतो, ठीक आहे. दुसरा कोण होता ते तरी सांग."

"दुसरा कोण?"

"माझ्या जागी उभा केलास तो. जेवणघराच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. पाठमोरा होता." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "चांगला आहे माणूस, दोरी येते त्याला. पण सांगाडा कठड्यापलीकडे गेला तेव्हा त्यानं ती सोडायला हवी होती. मला वाटलं सोडेल. त्यानं सोडली नाही. मग तुझ्या क्रेनचा खांब मध्ये आला."

मी रेडिओचं बटण दाबलं. "स्टाइनार, डेकवर माणसं किती?"

"तीन. मी चौथा."

"सगळी दिसताहेत?"

"समोर उभी आहेत. ओडवार, काय चाललंय तुझं आज?"

"काही नाही," मी म्हणालो. तार सुटत होती.

आमुंड माझ्याकडे वळून बघत होता. आता त्याच्याही चेहऱ्यावर संशय होता. चेष्टा चाललीय का, हे तो माझ्या तोंडावर शोधत होता.

केबिनमधल्या छोट्या पडद्यावर हाल्वरच्या रोबोचं चित्र येतं. हिरवट उजेड, त्यात तरंगणारे कण, मग सांगाड्याची पिवळी कड. खाली चिखल दिसायला लागला.

"ओडवार," हाल्वरचा आवाज आला. नको इतका शांत. "डाव्या कोपऱ्याची दोरी मोकळी का आहे?"

"मोकळी नाही. बांधलीय."

"बघ."

मी पाहिलं. पाण्यात सुटलेली दोरी वर तरंगते, शेवाळासारखी हलते. ही हलत नव्हती. सांगाड्याच्या कोपऱ्यातून ती आडवी निघाली होती, ताणलेली, सरळ, रोबोच्या उजेडाच्या कडेपर्यंत, आणि तिथून पुढे काळोखात.

सांगाडा वळायला लागला.

"मी अजून हात लावलेला नाही," हाल्वर म्हणाला.

तो सावकाश वळला, घाई न करता. पाइपच्या तोंडासमोर आल्यावर थांबला. मी खाली सोडला तेव्हा चिखलाचा एक पातळ ढग उठला आणि बसला. वजनाचा काटा उतरला. दिशा अचूक होती. दोरी सैल पडली आणि हळूहळू वर तरंगायला लागली, इतर कुठल्याही दोरीसारखी.

रोबोचा दिवा काळोखाच्या बाजूला वळेल, असं मला वाटलं. तो वळला नाही. हाल्वरनं तो सांगाड्यावरच ठेवला.

"वर सगळे आहेत ना?" त्यानं विचारलं.

"आहेत. विचारलंय."

"परत मोज. नावानं."

मी स्टाइनारला सांगितलं. त्याच्या आवाजात आता वैताग उरला नव्हता. त्यालाही छोटा पडदा दिसतो. सगळ्या जहाजाला ऐकू जाईल अशा बेतानं तो एकेक नाव घेत गेला. सुकाणूघरातून उत्तर आलं, यंत्रघरातून आलं, स्वयंपाकघरातून आलं. आहे. आहे. आहे.

"आमुंड," स्टाइनार म्हणाला.

माझ्या शेजारी आमुंडनं केबिनमधला रेडिओचा माइक डाव्या हातात उचलला होता. त्यानं तोंड उघडलं, बटणावर अंगठा ठेवला, अजून दाबला नव्हता.

"आहे," रेडिओवर उत्तर आलं.

"ठीक," स्टाइनार म्हणाला. "सगळे आहेत, ओडवार. हूक सोडायला हरकत नाही."

आमुंडनं माइक हळूच जागेवर ठेवला. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून उचलली असावी, तसा.